दादाच्या नावाने पाच शनिवार

१२ फेब्रुवारी, सोमवार

स्पीच थेरपिस्ट बाई म्हणाल्या, रोज तो काय काय बोलला ते तारीख घालून लिहून ठेवा. म्हणून ही वही.

आजचे शब्द: हो, नाही, चहा.

‘चहा’ म्हणाला तेव्हा त्याला चष्मा हवा होता. मी चहा करून आणला. त्याने कप बाजूला सारला आणि माझ्याकडे असं बघितलं की वेडी मीच. चष्म्याच्या दुकानात बावीस वर्षं काढलेल्या बाईला समोरच्याला चष्मा हवाय हे कळू नये!

दादाला झटका आला त्याला आज चोवीस दिवस झाले. उजवा हात मेलेल्या माशासारखा पडलेला असतो. पाय थोडा ओढतो, पण भिंत धरून चालतो. बाई म्हणतात, त्याला सगळं कळतं, फक्त शब्द बाहेर येत नाहीत. इतकी वर्षं बसस्थानकावर घोषणा करणारा माणूस. कुठली बस कुठल्या फलाटावर लागणार, हे अख्ख्या गावाला त्याने सांगितलं. आता ‘पाणी’ म्हणायला त्याला घाम फुटतो.

मी दुपारच्या सुट्टीत दुकानाच्या मागच्या खोलीत लिहिते आहे, काच घासायच्या मशीनशेजारी. घरी शेजारीण बसली आहे त्याच्यापाशी. गॅस बंद केला होता ना मी? केला होता. बहुतेक.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

हो, नाही, अगं. ‘अगं’ मला होतं. बरं वाटलं.

संध्याकाळी त्याच्या फोनवर संपादक बाईंची मेल आली. डिसेंबरमध्ये त्यांनी दादाला शनिवारच्या पुरवणीत आठ लेख लिहायला सांगितले होते. आठ शनिवार, आठ अल्बम. तीस वर्षांपूर्वीचे हिप-हॉपचे अल्बम आज परत ऐकायचे आणि त्या दिवसांबद्दल लिहायचं. बसस्थानकावर लागायच्या आधी दादा रॅपर होता, त्याची एक कॅसेट निघाली होती, हे कुणाच्या तरी लक्षात होतं, यानेच तो दोन दिवस शीळ घालत फिरला. झटक्याच्या आधी दोन लेख पाठवूनही झाले. आता बाई लिहितात, ‘पहिला परवा येतोय. तिसऱ्याचं कुठवर आलं?’

मी त्याला वाचून दाखवलं. म्हटलं, “कळवू का, की तू आजारी आहेस?”

“हो.”

“की नको कळवू?”

“हो.”

“लेख बंद करायचे?”

यावर त्याने डोळे मिटून घेतले. मी कपाळावर हात मारून घेतला तो मनातल्या मनात. उत्तर लिहिलं नाही.

१७ फेब्रुवारी, शनिवार

पहिला लेख आला. वर त्याचं नाव ठसठशीत. त्याने तो कागद डाव्या हाताने छातीवर धरून ठेवला आणि रडला. मग हसला. मग परत रडला. थेरपिस्ट बाईंनी सांगितलं होतं असं होईल म्हणून.

या वहीत लिहायला हरकत नाही: लेख कोरडा आहे. कुठल्या वर्षी आला, किती गाणी, कुठलं ड्रम मशीन. वेळापत्रक वाचल्यासारखं. हे मनात आलं आणि लगेच माझी मलाच लाज वाटली. तो आजारी आणि मी चुका काढते.

लेख थांबले तर त्याला वाटेल, आता आपण बरे होत नाही. ते मला नको आहे. एवढंच.

२५ फेब्रुवारी, रविवार

नवीन शब्द: बास. (सूप पुरे म्हणून. बरोबर जागी!)

आज आम्ही ‘जिन्यावाला’ ऐकला. खरं नाव वेगळं आहे, पण आम्ही सगळ्या अल्बमना कव्हरवरून नावं ठेवली होती. जिन्यावाला, पिवळा, पाणबुडी. तेव्हा मी सोळा वर्षांची, दादा वीसचा. त्याचा मित्र भोंगा, त्याचा मामा बोटीवर नोकरीला. तो येताना कॅसेटी आणायचा. भोंग्याच्या घरी दोन खणांचा टेपरेकॉर्डर. एका खणात मामाची कॅसेट, दुसऱ्यात कोरी. घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही, जणू आमचं बोलणंही त्यात उतरलं असतं.

ती भाषा आम्हाला अर्धीच कळायची. उरलेली अर्धी मी शब्दकोशात शोधायचे आणि तिथे ती सापडायची नाही.

जिन्यावाल्याचं शेवटचं गाणं मला आजही ओळीनं पाठ आहे. आई आजारी, लिफ्ट बंद, मुलगा नवव्या मजल्यावरून औषध आणायला जिना उतरतो. एक मजला, एक कडवं. आमच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची आणि अल्बमची दुसरी बाजू बत्तिसाची. त्यामुळे मुलगा चौथ्या मजल्यावर आला की खट्ट! बाजू संपली. बोट परत गेली, मामा गेला, कॅसेट गेली. आम्हाला शेवट कधी कळलाच नाही. दादा इतका हळहळला की मीच एक शेवट लिहून दिला होता. तो खाली पोचतो तर वरून हाका येतात. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंच्या कपाटात तेच औषध निघालेलं असतं, आणि सगळा जिना खिडक्यांतून त्याला वर बोलावत असतो. दादा तो शेवट कॅसेटच्या पुढे स्वतः म्हणायचा, एका दमात.

आज फोनवर सगळा अल्बम मिळाला. तीस वर्षांनी तो मुलगा चौथ्या मजल्याच्या खाली उतरला. खरा शेवट असा आहे: दुकान बंद असतं. बस्. पावलांचा आवाज, आणि संपलं.

दादा म्हणाला, “नाही.” डाव्या हाताने फोनकडे बोट, “नाही.” मग माझ्याकडे बोट. “हो.”

मी फोन माझ्या बाजूला ओढून घेतला, म्हटलं आवाज जास्त झाला असेल. तो वैतागला. “नाही, नाही,” आणि परत माझ्याकडे बोट. मला काही कळेना. शेवटी औषधाची वेळ झाली.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

लेख पाठवला.

मी काही लेखिका नाही. फक्त त्याच्या आठवणी लिहून काढल्या, तो म्हणाला असता तशा. ‘तीस वर्षं तो मुलगा चौथ्या मजल्यावर उभा होता आणि आम्ही त्याला तिथे सोडून नोकरीला लागलो,’ असं एक वाक्य सुचलं. सुचलं म्हणजे, तो म्हणाला असता. शेवट लिहून देणारी बहीण मी त्यात घातली नाही. ‘मी एक शेवट रचला’ असं लिहिलं. लेख त्याचा आहे, त्यात ‘मी’ म्हणजे तो.

पाठवायच्या आधी त्याला विचारलं. “पाठवू?” तो म्हणाला, “हो.” पण त्याचं ‘हो’ कधीकधी ‘नाही’ असतं. आज एका गिऱ्हाइकाच्या डाव्या डोळ्याची काच उजव्या बाजूला बसवली.

२ मार्च, शनिवार

छापून आला. दुपारपर्यंत त्याच्या फोनवर एकोणीस पत्रं आली. एका शिक्षिकेने लिहिलंय की तिने वर्गात वाचून दाखवला आणि मुलांना शेवट लिहायला सांगितला. संपादक बाई लिहितात, ‘पहिले दोन ठीक होते. हा वेगळाच आहे. तुम्हाला आता सूर सापडला. फोन करू का? बोलावंसं वाटतंय.’

मी लिहिलं, घसा बसला आहे.

त्यांचं उत्तर: ‘इतकी वर्षं बस बोलावून बोलावून बसणारच!’ आणि हसरा चेहरा.

दादाला पत्रं वाचून दाखवताना माझा चेहरा गरम झाला होता. तो एकटक माझ्याकडे बघत होता. मला वाटतं, त्याला अभिमान वाटला.

४ मार्च, सोमवार

भोंगा आला. सहा-सात वर्षांनी. वॉशिंग मशीन दुरुस्त करतो, हातात अजून पेटी होती. पूर्वी आमच्या तालाची बाजू तो सांभाळायचा. दारातच म्हणाला, “ड्रम सोडला नाही बघ मी.”

दादाला बघून त्याने पेटी खाली ठेवली. शेजारी बसला आणि दोन बोटांनी खुर्चीच्या हातावर जुना ठेका धरला. दादाने डाव्या हाताने तो उचलला! एकही ठोका चुकला नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडला.

निघताना जिन्यात मला म्हणाला, “काय गं वही.” तो मला तेव्हापासून वहीच म्हणतो, मी कोपऱ्यात वही घेऊन बसायचे म्हणून. “लेख वाचला मी. दादाने कधी पाठवला?”

“आधीच लिहून ठेवला होता.”

“असं? त्या घरात माझ्या आजीचा खोकला यायचा तेव्हा आपण टेप थांबवायचो, ते दादाच्या लक्षात होतं? त्याला तर आजी होती हेही आठवायचं नाही.”

“आजारात माणसाला जुनं आठवतं,” मी म्हटलं.

“आजाराच्या आधी लिहिला म्हणालीस ना आत्ता?”

तो हसला, पेटी उचलली आणि गेला. आता हा कुणाला सांगेल?

११ मार्च, सोमवार

शब्द: हो, नाही, अगं, बास, दार, आई. आई जाऊन बारा वर्षं झाली. ‘आई’ कुणाला म्हणाला ते कळलं नाही, विचारायचं धाडस झालं नाही.

‘पिवळा’ शनिवारी आला. तीन मुलींचा अल्बम, पिवळी जाकिटं घातलेल्या, रस्ता अडवून उभ्या. मी लिहिलं की तो अल्बम घरात लागला की बहीण खोलीचं दार लावून आरशासमोर उभी राहायची आणि आवाज न काढता तोंड हलवायची. दादाला हे ठाऊक असणं शक्य नाही, दार बंद असायचं. घातलं खरं. आता काळजी वाटते.

थेरपिस्ट बाईंनी मात्र आज आनंदाची गोष्ट सांगितली. काहींना जे नुसतं बोलता येत नाही, ते तालावर बोलता येतं. डोक्यातला ताल सांभाळणारा भाग वेगळा असतो म्हणे. त्यांनी टेबलावर ठेका धरला आणि दादा म्हणाला, “पा-णी-दे.” तीन ठोक्यांत तीन अक्षरं. बाई म्हणाल्या, “याचा धंदाच हा होता की! आपण सोपा ठेका कशाला धरायचा?”

भोंग्याला कळवलं. तो म्हणाला, आठवड्यातून तीनदा येतो.

१६ मार्च, शनिवार

आज वाईट झालं.

‘पाणबुडी’ छापून आला. मी कागद त्याच्यासमोर धरला. त्याने खूण करून बॉलपेन मागितलं. मला वाटलं, चित्र काढायचं असेल. त्याने डाव्या हाताने, दात-ओठ खाऊन, लेखावरच्या आपल्या नावावर रेघ मारली. मग दुसरी. कागद फाटेपर्यंत. मग पेन माझ्या हातात कोंबलं आणि कागदावर बोट आपटत राहिला. “अगं. अगं. अगं.”

त्याला लाज वाटते. त्याच्या नावावर मी वाट्टेल ते लिहिते आणि लोक त्याला तो समजतात. असा राग त्याने मला आयुष्यात कधी दाखवला नव्हता. मी म्हटलं, “चुकलं माझं. बंद करते.” त्यावर तो आणखीनच भडकला, सुपाची वाटी कलंडली.

दुकानात चौकटीचा स्क्रू बसवताना तीनदा खाली पडला. तो स्क्रू पडला की सापडत नाही.

१९ मार्च, मंगळवार

बंद करते असं लिहायला बसले आणि सहावा लेख लिहून झाला. एकाच बैठकीत. पाठवूनही दिला. माझं मलाच कळत नाही मी अशी का वागते. लिहिताना तेवढा वेळ भीती वाटत नाही, हे एक आहे.

२१ मार्च, गुरुवार

भोंगा येतो, दादाच्या खोलीचं दार लावून घेतो. आतून ठेका ऐकू येतो, मग दादाचं अडखळणं, मग भोंग्याचं “परत.” मी चहा घेऊन गेले की दोघं शाळेतल्या पोरांसारखे गप्प. विचारलं, काय चाललंय? भोंगा म्हणाला, “पुरुषांचं असतं काहीतरी.”

म्हणजे ठरलं. भोंग्याने त्याच्याशी लेखांबद्दल बोलणं केलंय. माझ्याबद्दलच बोलतात.

२४ मार्च, रविवार

सातवाही पाठवायला तयार आहे. आठवा लेख आमच्या स्वतःच्या कॅसेटवर हवा, असं संपादक बाईंनी पहिल्यापासून ठरवलंय. आज ती काढली. कव्हरवर दादा आणि भोंगा भिंतीवर बसलेत, पाय सोडून. फोटो मी काढला होता. कोपऱ्यात माझी सावली आली आहे, ती कापायची राहून गेली.

कॅसेट वाजवायला मशीन नाही म्हणून भोंग्याने एक जुनं आणून दिलं. ऐकलं. दादाचा वीस-बावीस वर्षांचा आवाज खोलीभर. मी त्याच्याकडे बघूच शकले नाही. तेव्हा तो येरझाऱ्या घालत बडबडायचा, हे असं हवं, ते तसं हवं, आणि मी फक्त उतरवून घ्यायचे. एखादी ओळ लंगडी वाटली तर सरळ करायचे, यमक जुळवायचे, कडवी लावायचे. तेवढंच.

आतल्या कार्डावर छापलंय: शब्द, आणि पुढे त्याचं नाव. त्याने त्या ओळीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिला. डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, “हो रे, तुझंच नाव आहे. कुणी पुसलं नाही.” त्याने मान फिरवली.

एक गोष्ट मी आजवर कुठे लिहिलेली नाही. कॅसेट निघाल्यावर सभागृहात कार्यक्रम होता, चारशे माणसं. ऐन दिवशी दादाचा आवाज बसला. खरोखरीचा, मी आता सांगते तसला नाही. पडद्यामागे त्याने माईक माझ्या हातात दिला. घोगऱ्या आवाजात म्हणाला, “तुला सगळं पाठ आहे. तूच म्हण. तुझंच आहे.” मी माईक खुर्चीवर ठेवला आणि मागच्या दाराने सरळ घरी आले. भोंग्याने एकट्याने नुसता ताल वाजवून वेळ मारून नेली. लोक उठून गेले. नंतर दुसरी कॅसेट निघालीच नाही आणि दादा बसस्थानकावर लागला. त्याने मला त्याबद्दल एका शब्दानेही विचारलं नाही. म्हणूनच मला वाटतं, त्याने मला माफ केलेलं नाही.

२६ मार्च, मंगळवार

पकडले गेले.

दुकानात दादाचा फोन वाजला, तो आता माझ्याकडेच असतो. संपादक बाईंना दादाच्या ऑफिसातल्या कुणाचं तरी पत्र गेलंय. कौतुकाचंच आहे. ‘जानेवारीपासून बोलता येत नसताना आमचा सहकारी इतकं सुंदर लिहितो, याचं आश्चर्य वाटतं.’ बिचाऱ्याने चांगल्या मनाने लिहिलं.

बाईंचा आवाज थंड होता. “घसा बसलाय, असं मला कुणी लिहिलं होतं?”

“मी त्यांची बहीण.”

“आणि लेख?”

गिऱ्हाईक समोर बसलेलं, डोळ्यांवर तपासणीची चौकट. मी म्हटलं, “तो सांगतो, मी उतरवून घेते.”

“बोलता येत नाही तो सांगतो कसा?”

“खुणा करतो.”

“सातव्याचं पान लावून झालंय, तो शनिवारी येईल. रविवारी सकाळी अकराला मी येते आहे. मला त्यांना भेटायचंय.”

गिऱ्हाईक म्हणालं, “बाई, अंधुक दिसतंय.” मी म्हटलं, “मलाही.”

२९ मार्च, शुक्रवार

खाणं जात नाही. दादाला सांगितलं, “रविवारी बाई येणार. मी म्हणणार की तू खुणांनी सांगतोस आणि मी लिहिते. तू फक्त ‘हो’ म्हण. एवढं कर माझ्यासाठी.”

तो म्हणाला, “नाही.”

त्याचं ‘नाही’ कधीकधी ‘हो’ असतं. देव करो.

३१ मार्च, रविवार

जसं झालं तसं लिहिते, नाहीतर उद्या मीच त्यात सुधारणा करीन.

बाई अकराला आल्या. माझ्याच वयाच्या निघाल्या, केस बारीक कापलेले, पिशवीत आमचे सगळे लेख. भोंगा आधीच येऊन बसला होता, त्याला कुणी बोलावलं ते मी विचारलं नाही. दादाने इस्त्रीचा शर्ट घातला होता. बटणं भोंग्याने लावली असणार, कारण एक चुकलं होतं.

बाई दादाला म्हणाल्या, “मी तुमची कॅसेट कॉलेजात असताना घेतली होती. तुमची ओळख अशी व्हायला नको होती.” मग माझ्याकडे वळल्या. “सांगा.”

मी पाठ केलेलं म्हटलं. “तो सांगतो. आठवणी त्याच्या आहेत, शब्द त्याचे आहेत. मी फक्त उतरवून घेते. पहिल्यापासून आमचं असंच—”

दादाने टेबलावर हात आपटला. डावा. मला वाटलं, त्याला परत काही होतंय. पण तो ठेका होता. भोंग्याने बोटांनी तोच ठेका खालून उचलला, आणि दादा त्यावर बोलायला लागला. बोलला. एकेका ठोक्यावर एकेक, दगड उचलून ठेवल्यासारखं.

“नाही. नाही. मी—नाही. हि-ने. लि-हि-लं.”

त्याच्या कपाळावरची शीर उभी राहिली होती.

“ते-व्हा-ही. हि-ने. लि-हि-लं.”

मग कॅसेटचं कार्ड. ते त्याने खिशातून काढून बाईंपुढे ठेवलं. ‘शब्द’ या ओळीतल्या त्याच्या नावावर बॉलपेनची रेघ होती, आणि बाजूला डाव्या हाताच्या वेड्यावाकड्या अक्षरांत माझं नाव. शेवटचं अक्षर कार्डात मावलं नव्हतं.

मी उठून स्वयंपाकघरात आले. मला पहिल्यांदा काय वाटलं ते खरं लिहिते: याने माझी चुगली केली असं वाटलं. बाहेरच्या माणसासमोर उघडं पाडलं.

भोंगा मागून आला. म्हणाला, “दहा दिवस तालीम करतोय तो. ‘लिहिलं’मधला ‘लि’ बसतच नव्हता. मी म्हटलं, ‘केलं’ म्हण, सोपं आहे. ऐकेना. ‘लिहिलं’च पाहिजे म्हणे.”

“त्याला राग आला होता. नाव खोडलं त्याने.”

“वही,” तो म्हणाला, “तू इतकं छान लिहितेस आणि तुला साधं वाचता कसं येत नाही गं?”

बाहेर गेले तेव्हा बाई पिशवी आवरत होत्या. त्यांचा चेहरा मऊ वगैरे झालेला नव्हता. “तुम्ही मला फसवलंत,” त्या म्हणाल्या. “मलाच नाही, माझ्या वाचकांना. एका आजारी माणसाच्या नावामागे लपून. मी काय करायचं ते ठरवून कळवीन.”

“हो,” मी म्हटलं.

दादा खुर्चीत मागे टेकून झोपी गेला होता, डोंगर चढून आल्यासारखा.

२ एप्रिल, मंगळवार

संपादक बाईंचा फोन. लेख तिसरा ते सातवा कुणी लिहिले याचा खुलासा शनिवारी चौकटीत छापणार. माफी पेपरही मागणार आणि मीही. आठवा लेख उद्या दुपारी बारापर्यंत, माझ्या नावाने. “तो वाचकांचा हक्क आहे. तुमच्यावर मेहेरबानी नाही. आणि त्यानंतर आमच्याकडे तुमचं काही छापलं जाणार नाही.”

“समजलं.”

मग म्हणाल्या, “जिन्याचा तुमचा शेवट मला आवडला होता. हे मी संपादक म्हणून बोलत नाहीये.” आणि फोन ठेवला.

माझ्या नावाने. आज तीनदा वही उघडली आणि तीनदा मिटली. दादाचा ‘मी’ सोपा होता. त्या ‘मी’ला मागच्या दाराने पळता येत नव्हतं, कारण तो पळाला नव्हता.

३ एप्रिल, बुधवार

दुकानातून सुट्टी घेतली. सभागृहाचं लिहिलं. माईक, खुर्ची, मागचं दार, सगळं. साडेअकराला दादाला वाचून दाखवलं. ‘त्याने मला माफ केलं की नाही मला माहीत नाही’ या वाक्याशी तो जोरात हसला. आजारानंतर पहिल्यांदा असा, पोट धरून, नाकातून आवाज काढत. मला हसू येत नव्हतं. मी विचारलं, “यात हसण्यासारखं काय आहे?” त्याने ठेका धरला, पण हसण्यामुळे त्याला बोलताच येईना.

अकरा छपन्नला पाठवलं. ते वाक्य राहू दिलं.

६ एप्रिल, शनिवार

शब्द: आता बावीस आहेत. सगळे लिहायला जागा पुरत नाही.

सकाळी पेपर घ्यायला गेलेच नाही. भोंग्याने दादाला आणून दिला असेल. मी वळून न बघता दुकानात आले. दोन पत्रं कालच आली होती, चौकटीची बातमी फुटली असावी. एकाने मला लबाड म्हटलंय. चूक नाही म्हटलं त्याने.

दहाच्या सुमाराला एक वयस्क गृहस्थ आले, जवळचा नंबर वाढलेला. नवी काच मीच घासली होती. चष्मा कानावर नीट बसवला, दांडी थोडी वाकवली. म्हटलं, “काहीतरी वाचून बघा.” वाचायचं कार्ड मी ड्रॉवरमध्ये शोधत होते, तेवढ्यात त्यांनी आपल्या पिशवीतून पुरवणी काढली, घडी उलगडली आणि हातभर लांब धरली.

“जवळ घ्या,” मी म्हटलं. “आता लांब धरायची गरज नाही.”

त्यांनी जवळ घेतली. घसा खाकरला आणि जिथे नजर पडली तिथून मोठ्याने वाचायला लागले. आधी लेखाचं नाव. मग, सावकाश, लहान मुलासारखं अक्षर अक्षर लावत, माझं नाव. आडनावासकट. मग पहिली ओळ, मग दुसरी. मी स्क्रूड्रायव्हर घट्ट धरून उभी. दार समोरच होतं आणि उघडं होतं. चौथ्या ओळीला ते थांबले.

“हे हिप-हॉप वगैरे मला काही कळत नाही, बाई,” ते म्हणाले. “पण दिसतंय अगदी स्वच्छ.”

“मग वाचा पुढे,” मी म्हटलं. “बघू कुठे अडतं का.”

आणि खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले.